फ्लॅटला १ टक्का, जमिनीला २ टक्के: दोन एजंटांचा अनुभव

गेल्या वर्षात आमचे दोन व्यवहार झाले, कोथरूडचा वन बीएचके ६२ लाखाला गेला आणि भोर तालुक्यातली वडिलोपार्जित ३० गुंठे जमीन ३६ लाखाला. फ्लॅटच्या एजंटने १ टक्का घेतला, जमिनीच्याने २, म्हणजे ६२ हजार आणि ७२ हजार. भाऊ म्हणाला रिकाम्या जमिनीला डबल कशाला, तिथे दाखवायचं तरी काय. तेव्हा मलाही पटलं होतं, आता नाही पटत.

फ्लॅटवाल्याचं काम चोख होतं, तीन रविवारी पाच पार्ट्या आणल्या, सोसायटीची एनओसी, बँकेचे पेपर, रजिस्ट्रेशन, झालं. दलाली मात्र रोख मागत होता, मी चेकनेच दिली आणि पावती घेतली, कारण कॅपिटल गेन (विक्रीतला करपात्र नफा) काढताना ती वजा धरता येते.

जमिनीचं तसं नसतं हो. शेतजमीन घ्यायला आपल्याकडे मुळात शेतकरी असावं लागतं, त्यामुळे अर्धी गिऱ्हाइकं तिथेच गळतात. त्यात आमच्या सातबाऱ्यावर दोन आत्यांची नावं आणि शेजारच्याने बांध सरकवलेला. आमच्या जमिनीच्या एजंटने भूमी अभिलेख ऑफिसला मोजणीचा अर्ज टाकला, मोजणीच्या दिवशी सकाळी आठपासून आमच्यासोबत उन्हात उभा राहिला, हद्दीच्या खुणा करून घेतल्या आणि शेजाऱ्याशी एक शब्द न वाढवता बोलला. थोरल्या आत्याला गुडघ्यांमुळे चालवत नाही, तर हक्कसोडपत्राच्या (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) दिवशी स्वतःच्या गाडीतून तिला रजिस्ट्रार ऑफिसला नेलं, हात धरून जिना चढवला, वर पोचल्यावर आधी पाणी दिलं मग कागद पुढे केले. आठ महिने चाललं हे सगळं.

याच्या आधी एक एजंट आला होता, म्हणे कमिशन काहीच नको, फक्त तुम्हाला हातात किती पाहिजेत ते सांगा. गुंठ्याला ९० हजार हातात देतो म्हणाला. ऐकायला गोड वाटतं, पण नंतर तीच जमीन १ लाख २० हजाराने गेली, म्हणजे वरचे ९ लाख त्याच्या खिशात गेले असते! असं कोणी बोललं तर प्लीज तिथेच थांबा.

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाहीये, महारेराने (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) पण नाही, त्यामुळे टक्के किती आणि एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे हे इसार घ्यायच्या आधी लिहून घ्या. आमच्या जमिनीच्या एजंटने घेणाऱ्याकडूनही २ टक्के घेतले आणि ते आम्हाला खरेदीखताच्या दिवशी कळलं, म्हणून अर्धा स्टार कमी. बाकी साडेचार.