पेप्टाइड आणि मेम्ब्रेन: आधी सीडी की ट्रिप्टोफॅनचा फ्लुओरेसन्स?

पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) पेशीच्या मेम्ब्रेनला, म्हणजे तिच्या पातळ आवरणाला, कसं चिकटतं हे बघायचं तर आधी सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, साखळीची घडी ओळखणारं प्रकाश-शोषणाचं तंत्र) करावं की ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा फ्लुओरेसन्स (प्रकाश टाकल्यावर येणारी चमक) मोजावा? नांदेड, लातूर, संभाजीनगरकडे या विषयात पीएचडी सुरू करणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. मी दोन्हींवर काम केलंय, आणि सीडीबद्दल मनात आदरच आहे. पाण्यात सैल असलेलं पेप्टाइड लिपोसोम (लिपिडचे, म्हणजे मेम्ब्रेनमधल्या चरबीसारख्या रेणूंचे, सूक्ष्म पोकळ गोळे) घातल्यावर हेलिक्स (स्प्रिंगसारखी गुंडाळी) झालं, हे सीडीइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. आलेखात २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन खड्डे उमटले की गाइडही वाद घालत नाहीत.

माझं घोडं अडलं ते २०० च्या खाली. तिथे बफरमधलं क्लोराइड प्रकाश शोषून घेतं. त्याला सोडियम फ्लोराइडचा पर्याय आहे. पण लिपोसोम प्रकाश विखुरतात, त्याचं काय करायचं? सोनिकेशनने (ध्वनिलहरींच्या माऱ्याने) ते बारीक करता येतात, पण डीपीपीसी या लिपिडचे बारीक लिपोसोम ४१ अंशांखाली ठेवले की एकमेकांत मिसळून मोठे होतात. त्यात सीडीचं मशीन परगावी. नांदेडला जवळजवळ पारदर्शक दिसणारं, किंचित निळसर झाक असलेलं द्रावण हैदराबादला क्युवेटमध्ये ओतावं तर दुधाळ झालेलं. डिटेक्टरचं व्होल्टेज चढत जायचं आणि २०५ च्या खाली नुसती खरखर. याच एका त्रासाने मी फ्लुओरेसन्सकडे वळलो.

फ्लुओरोमीटर बहुधा जवळपास मिळतो, म्हणजे लिपोसोम ताजे असतानाच मोजणी होते. पाण्यात ३५० नॅनोमीटरच्या आसपास चमकणारा ट्रिप्टोफॅन मेम्ब्रेनमध्ये शिरला की ३३० कडे सरकतो. पेप्टाइड तेवढंच ठेवून लिपिड वाढवत गेलात की पकड किती घट्ट आहे तेही कळतं. मग अ‍ॅक्रिलामाइड घाला. ते पाण्यातल्या ट्रिप्टोफॅनची चमक विझवतं, आत शिरलेल्या ट्रिप्टोफॅनची मात्र त्याने फारशी विझत नाही.

एक मात्र सांभाळा. २९५ ला उत्तेजित केलंत तर पाण्याचा रामन पट्टा (पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचा) ३२८ च्या सुमारास येतो, म्हणजे नेमका आपल्या शिखराच्या जागी. नुसत्या लिपोसोमचा ब्लँक (पेप्टाइड न घालता घेतलेली मोजणी) प्रत्येक वेळी वजा करा.

लिपिडचीही निवड जपून करा. डीएमपीसी हे लिपिड २४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे डिसेंबरात थर्मोस्टॅट नसेल तर ते सकाळी घट्ट आणि दुपारी पातळ, मग दोन्ही वेळचे आलेख जुळणार कसे? पीओपीसीला ही भानगड नाही. ते शून्याखालीच वितळतं.

एफटीआयआरने (अवरक्त किरणांचं शोषण मोजणाऱ्या तंत्राने) पेप्टाइड मेम्ब्रेनमध्ये आडवं आहे की उभं हेही कळतं, पण पाण्याचा १६४५ सेमी⁻¹ चा पट्टा पेप्टाइडच्या अमाइड-१ पट्ट्यावर येऊन बसतो, म्हणून जड पाणी लागतं. सुरुवातीला त्यात पडू नये असं मला वाटतं.

पेप्टाइडमध्ये ट्रिप्टोफॅनच नसेल तर मात्र सीडीच आधी करा. एखादं अमिनो आम्ल बदलून तो घालता येतो, पण मग पेप्टाइडची क्रिया तशीच राहिली का, हे तपासणं आलं. हात बसवायला मेलिटिन (मधमाशीच्या विषातलं पेप्टाइड) घ्या. त्यात २६ अमिनो आम्लं असतात, १९ व्या जागी एकुलता एक ट्रिप्टोफॅन, आणि मेम्ब्रेनवर ते हेलिक्सही होतं. पुढे सीडीवर जायची वेळ आली तरी तेच पेप्टाइड कामी येईल.