विजापूर की हंपी? आधी कोणती राजधानी पाहावी

सोलापूरमार्गे कर्नाटकात जाणाऱ्या मराठी पर्यटकापुढे दोन जुन्या राजधान्यांचा पर्याय असतो: आदिलशाहीचे विजापूर, म्हणजे आजचे विजयपुरा, आणि विजयनगर साम्राज्याची हंपी. हाताशी दीड-दोन दिवसच असतील किंवा सोबत लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी असतील, तर माझ्या मते विजापूर निवडावे. सोलापूरपासून ते सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि बहुतेक वास्तू शहरातच असल्याने रिक्षा ठरवून दिवसभरात पाहून होतात.

विजापुरात इमारती आजही अखंड उभ्या आहेत. १६५६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गोल घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर असून आत एकही खांब नाही; एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो सारा भार पेलला आहे. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना चढून सज्जात जावे लागते, तेव्हा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालूनच घुमट पाहावा. वर जाणाऱ्यांनी मात्र सकाळी दार उघडताच जावे, कारण त्या शांततेत भिंतीपाशी कागद चुरगळला तरी त्याची खसखस पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येते, आणि तासाभराने आरडाओरडा सुरू झाला की त्यातले काहीच हाती लागत नाही. इब्राहिम रोजा या मकबऱ्याचे नाजूक कोरीवकाम चुकवू नये. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, म्हणून आपल्याला ती अधिक जवळची वाटते.

हंपीत एखादी इमारत नव्हे, तर अख्खे नगर पाहायचे असते: बाजारपेठा, पुष्करणी, हत्तीशाळा, महानवमीचा चौथरा. १५६५ च्या लढाईत आदिलशाही आणि इतर सुलतानांच्या सैन्याने विजयनगरचा पराभव केल्यावर ही राजधानी लुटली गेली. हा विस्तार पायी तुडवायला तीन दिवस हवेत. विरूपाक्ष मंदिरातील अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर, एका लहानशा झरोक्यातून आलेल्या उजेडामुळे, गोपुराची उलटी प्रतिमा पडते. ती पाहायला लख्ख ऊन हवे. विठ्ठल मंदिरातील दगडी रथापाशी सर्वांची गर्दी होते, पण वारकरी घरातल्या माणसाचे पाय रिकाम्या गाभाऱ्यापाशीच थबकतात. कृष्णदेवरायाने नेलेली विठ्ठलमूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरपूरला परत आणली, अशी आपली परंपरा सांगते.

चार-पाच दिवस मोकळे असतील तर दोन्ही पाहावीत, आणि त्यातही आधी हंपी पाहावी, कारण ते उद्ध्वस्त नगर डोळ्यांत असताना विजापूरच्या भव्य वास्तूंमागचा इतिहास अधिक खोलवर समजतो. हंपीजवळच्या होस्पेटपर्यंत रेल्वेने जाऊन परतताना गदग-सोलापूर मार्गावर विजापूरला उतरता येते. सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावी. एप्रिलमध्ये हंपीचे खडक सकाळी दहालाच तापू लागतात.