वॅन ऑप्टिमायझर: लाइनच्या मधोमध की बाजूला?

वागळे इस्टेटमधलं ऑफिस आणि महापेच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर यांच्यामध्ये वॅन ऑप्टिमायझर (लांबच्या लाइनवरचा, म्हणजे वॅनवरचा, डेटा आकसवून आणि फेऱ्या वाचवून वेग वाढवणारा बॉक्स) टाकायचा विचार असेल, तर आधी एक पिंग मारून (पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते) बघा. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. ठाणे ते महापे जाऊन यायला निव्वळ अंतरापोटी एक मिलिसेकंदसुद्धा जात नाही. तरी फाइल उघडायला वेळ लागतोय? मग लाइन भरलेली असेल, नाहीतर सर्व्हरची डिस्क दमली असेल. बॉक्सचे पैसे तिकडे घाला.

तोच सर्व्हर फ्रँकफर्टला असेल तर गोष्ट वेगळी. जाऊन-येऊन 150 मिलिसेकंद धरा. टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी जितका डेटा पाठवता येतो ती मर्यादा) 64 केबीवर अडकलेली असेल तर एका कनेक्शनला साडेतीन एमबीपीएसच्या वर वेग मिळत नाही, लाइन 100ची असो वा 500ची. आजची विंडोज विंडो वाढवून घेते, हे खरं. पण वाटेत पॅकेट गळायला लागली की वेग पुन्हा कोसळतो, आणि फाइल शेअरिंगच्या फेऱ्या काही कमी होत नाहीत. इथे ऑप्टिमायझर कामाचा.

आता तो बसवायचा कुठे? घोडं इथेच पेंड खातं.

एक राउटर, एक लिंक असलेल्या शाखेसाठी माझं मत स्पष्ट आहे: इनलाइन. स्विच आणि राउटरच्या मधोमध बॉक्स, राउटरच्या कॉन्फिगरेशनला हातही लावायचा नाही. ‘बॉक्स मेला तर अख्खं ऑफिस बंद’ ही भीती सगळेच घालतात, पण बायपास कार्ड त्याचसाठी असतं. वीज गेली की कार्डातला रिले दोन्ही पोर्ट आतल्या आत जोडतो आणि स्विच थेट राउटरशी बोलू लागतो. गोम इतकीच की त्या क्षणी दोन्ही टोकांचं स्पीड-डुप्लेक्स (वेग, आणि एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलायचं की नाही ते) जुळायला हवं. एका बाजूला ऑटो, दुसरीकडे कोणीतरी कधीकाळी ठोकून बसवलेलं 100 एमबीपीएस फुल डुप्लेक्स, असं असेल तर लिंक वर येते पण रडतखडत चालते आणि शिव्या बॉक्सला पडतात. म्हणून चालू करण्याआधी, ऑफिस सुटल्यावर, बॉक्सची पॉवर केबल सरळ उपटून बघा. पुन्हा जोडा, पुन्हा उपटा. व्हेंडरचा माणूस नाक मुरडेल, मुरडू द्या.

दोन राउटर, दोन लिंक असतील तर डब्ल्यूसीसीपी या राउटरमधल्या प्रोटोकॉलकडे वळा. बॉक्स बाजूला राहतो, राउटर ट्रॅफिक त्याच्याकडे वळवतो आणि बॉक्स गप्प झाला की वळवणं आपोआप थांबवतो. सिस्कोच्या WAAS या ऑप्टिमायझरमध्ये 61 आणि 62 हे दोन सर्व्हिस ग्रुप (कोणतं ट्रॅफिक वळवायचं त्याचे नियम) असतात: 61 लॅनकडच्या, म्हणजे ऑफिसच्या आतल्या, इंटरफेसवर, 62 वॅनकडच्या, दोन्ही आत येणाऱ्या दिशेने. एक विसरलात तर जाणारं ट्रॅफिक बॉक्समधून आणि येणारं परस्पर, म्हणजे अर्धवट कनेक्शनं. दोन्ही राउटरांवर लावायला हवं हे वेगळं सांगायला नको, पण विसरलं जातं तेच.

पॉलिसी राउटिंग, म्हणजे कोणतं ट्रॅफिक कुठे पाठवायचं ते राउटरमध्ये स्वतः लिहून ठेवणं, हा तिसरा मार्ग. राउटरला डब्ल्यूसीसीपी येतच नसेल तरच. बॉक्स जिवंत आहे का हे तपासायचं ट्रॅकिंग सोबत लावलं नाही, तर बॉक्स मेल्यावरही राउटर पॅकेटं तिकडेच फेकत राहतो.

ऑर्डर देण्याआधी आणखी दोन गोष्टी. व्हिडिओ कॉल आणि एनक्रिप्टेड ट्रॅफिक यांत बॉक्सला आकसवण्यासारखं फारसं सापडत नाही. एसएसएल, म्हणजे हे एनक्रिप्शन, उघडायचं तर सर्टिफिकेटं बॉक्सवर ठेवावी लागतात, आणि त्याला सिक्युरिटीवाले हो म्हणतील का ते आधीच विचारा. दुसरं, मॉडेल निवडताना नुसते एमबीपीएस पाहू नका. प्रत्येक मॉडेलला कनेक्शनांची मर्यादा असते आणि ती भरली की नवी कनेक्शनं ऑप्टिमाइझ न होता तशीच पुढे जातात. सोमवारी सकाळी अकराला फायरवॉलचं सेशन टेबल (चालू कनेक्शनांची यादी) उघडून वॅनकडे जाणारी कनेक्शनं मोजा आणि त्या आकड्यावर मॉडेल ठरवा.