1934 सालची सेंट्रल रेल्वे

छत्तीस हजार रुपये गेले, त्याचं दुःख एव्हाना बोथट झालंय. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी नणंदेच्या धाकट्यानं पेला तोंडापासून लांब धरून विचारलं, "मामी, पन्ह्यात काय पडलंय?", ते अजून टोचतं. पडलं काहीच नव्हतं. पन्हं कळकलं होतं, म्हणजे भांड्याच्या धातूनं बिघडलं होतं. चांदीच्या पेल्यात पन्हं कळकत नाही हे कळायला शाळा शिकावी लागत नाही, आणि मी तर पितळेच्या हंड्या-पातेल्यांच्या घरात वाढलेली.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण ते पेले मला चांदीचे म्हणून विकणारा माणूस अजून फिरतोय.

जळगावात आमचं नवीन घर झालं. आठ खुर्च्यांचं शिसवी टेबल करून घेतलं. त्यावर मॉलमधली काचेची चकचकीत भांडी नकोत, जुनं काहीतरी हवं, हे खूळ माझंच. त्यामागे एक जुनं दुखणं होतं. आजीची फुलपात्रं, ओगराळी, काशाच्या थाळ्या, नाव टोचलेले पेले आईनं एका दुपारी मोडीत घातले आणि स्टीलचा सेट घरात आणला. भुसावळला आमच्या गल्लीत तेव्हा सगळ्यांनीच तसं केलं. घासायला चिंच नको, कल्हईवाल्याची वाट बघणं नको. आईला दोष देत नाही, पण त्या थाळ्या मला अजून स्वप्नात दिसतात. अशा माणसाला गंडवणं फार सोपं असतं.

मार्चअखेरीस एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं, 'राजेशाही जुन्या वस्तूंचं'. विकणारा पन्नाशीचा, खादीचं जाकीट, हातात पांढरे हातमोजे. मोज्यांशिवाय तो कशालाही हात लावत नव्हता. ते मोजे बघूनच मी निम्मी गार झाले. त्यानं आधी काहीच विकायचा प्रयत्न केला नाही. नुसतं विचारलं, "ताई, माहेर कुठलं?" मी म्हटलं, भुसावळ. वडील? रेल्वेत, गार्ड. आजोबा? तेही रेल्वेतच, फायरमन. "मग तुम्हाला एक दाखवतो, हे बाहेर मांडलेलं नाही," म्हणत त्यानं मागची पत्र्याची पेटी उघडली.

सहा पेले. उभे, पायाचे, इंग्रज लोक वाइनला वापरतात तसे. काळपट रुपेरी, कोरीव वेलबुट्टीत काळं साचलेलं. एकाचा तळ उलटा करून त्यानं दाखवला. इंग्रजी अक्षरांत ठसा होता: सेंट्रल रेल्वे, भुसावळ, 1934. स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये गोरे साहेब यातून प्यायचे, पुढे लिलावात निघाले, एका पारशी कुटुंबाकडे होते, वगैरे वगैरे. मला त्यातलं फार ऐकू आलं नाही. मी त्या ठशावरून बोट फिरवत होते आणि मला आजोबांचा कोळशाचा वास असलेला कोट आठवत होता.

मग त्यानं तपासण्या करून दाखवल्या, मी न मागता. खिशातून लोहचुंबक काढलं, पेल्याला लावलं, चिकटलं नाही. "लोखंड असतं तर चिकटलं असतं, ताई." खरंच आहे. पण पितळेलाही चुंबक चिकटत नाही, तांब्याला नाही, जर्मन सिल्व्हरलाही नाही. ती तपासणी लोखंड ओळखायची होती, चांदी ओळखायची नव्हती, हे डोक्यात यायला मला महिना लागला. नंतर पेन्सिलीनं टण्ण करून वाजवून दाखवला. नाद छान होता. नाद पितळेलाही असतो, आणि काशासारखा तर चांदीलाही नसतो.

सोबत एक झाकणाचं मोठं वाढपाचं भांडं होतं, सूपचं, लंबगोल, दोन कानांचं. त्याच्या तळाशी चार छोट्या चौकटींत चार अक्षरं: ई, पी, एन, एस. "याचा अर्थ इंग्लंड प्युअर सिल्व्हर," तो म्हणाला. मधल्या एनचं काय, हे मी विचारलं नाही. त्याचा खरा अर्थ इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. नावात चांदी आहे, धातूत नाही. वर विजेनं चढवलेला चांदीचा पातळ थर, बस. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे अशी भांडी ढिगानं निघाली. चौकटी मुद्दाम अशा मारायचे की लांबून हॉलमार्क वाटावा. अस्सल इंग्लिश स्टर्लिंग चांदीवर चालणारा सिंह असतो आणि शहराचं चिन्ह. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड. हे सगळं मी आता पोपटासारखं सांगते. तेव्हा मान डोलावत होते.

भाव: पेला 3,800 ला एक, सहाचे 22,800. सूपचं भांडं 14,500, कारण ते "दीडशे वर्षांचं". घासाघीस करून सगळं छत्तीस हजारांत ठरलं. आणि इथे मला माझी लबाडीही कबूल करायला हवी. पेला हातालाच चांगला जड लागत होता; पुढे घरच्या काट्यावर एक 280 ग्रॅम भरला. तेवढ्या चांदीचे नुसते धातूचे पैसेच 3,800 च्या कितीतरी पट होतात. सोन्या-चांदीच्या गावात राहते, रोज पेपरात भाव छापून येतो. मला वाटलं, त्याला किंमत कळलेली नाही आणि मला कळली आहे. त्याला फसवून मी निघाले, अशा आनंदात मी त्या हॉलमधून बाहेर पडले.

पैसे फोनवरून दिले. समोर कुठल्यातरी ट्रेडिंगचं नाव आलं, तेही मी धड वाचलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला, बिलाला तीन टक्के जादा लागतील. त्याऐवजी 'अस्सलपणाचं प्रमाणपत्र' दिलं, लॅमिनेट केलेलं, सोनेरी चिकटपट्टीचं. त्यावर पत्ता नव्हता. 'चांदी' हा शब्दही कुठे नव्हता. 'व्हिंटेज सिल्व्हर टोन' असं लिहिलं होतं. टोन म्हणजे रंग. त्यानं कागदावर एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही, हे नंतर वकिलांनीच मला दाखवून दिलं.

आखाजीला दोन्ही नणंदा आल्या. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, रशी, कुरडया, भजी. आमरस त्या सूपच्या भांड्यात, पन्हं पेल्यांत. मी हौसेनं दोन तास आधीच भरून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. कैरीची आंबटाई आणि पितळ. पुढचं सांगायला नको. पन्ह्याला तोंड वाकडं करणारी चव, आणि पेल्यात काठाखाली हिरवट कड. ज्यानं आधी अर्धा पेला संपवला होता, त्या मोठ्या भाच्याला उलटी झाली. तेवढ्यावरच निभावलं. नणंद काही बोलली नाही. पोरांना पाणी द्यायला उठली आणि उरलेलं पन्हं बेसिनमध्ये ओतून आली.

आप्पा, माझे वडील, तेव्हा आमच्याकडेच होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी चष्मा पुसला, रिकामा पेला उलटा धरला आणि बराच वेळ बघत बसले.

"1934 ला सेंट्रल रेल्वे कुठून आणली गं तू?"

मी म्हटलं, म्हणजे?

"सेंट्रल झाली 51 ला. 5 नोव्हेंबर. त्याआधी जी.आय.पी. रेल्वे. माझे वडील तिच्यात लागले. त्यांच्या कंदिलावर, बिल्ल्यावर, सगळीकडे जी.आय.पी. 1934 ला हे नाव जगात नव्हतं."

म्हणजे जे बघून मी विरघळले, तेच खोटं होतं, आणि ते ओळखणारा माणूस माझ्याच घरात जेवायला बसलेला. घेण्याआधी फोटो पाठवून त्यांना एकदा विचारलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं. पण मला त्यांना चकित करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफाकडे गेले. त्यानं पेला मशीनखाली धरला. पडद्यावर तांबं आणि जस्त. चांदीचा अंश वरच्या पॉलिशपुरता, आत तर तोही झिजलेला. काळ्या वेलबुट्टीवर त्यानं ओलं बोट घासलं. बोट काळं झालं. चांदीला हवेनं चढलेला काळेपणा असा बोटावर उतरत नाही, तो घासून काढावा लागतो. आणि खऱ्या वापरलेल्या भांड्यात हात लागतो तिथे उजळ, खाचेत काळं, तळाची कड टेकून टेकून झिजलेली असते. माझ्या सहाही पेल्यांचे तळ करकरीत होते. नव्वद वर्षं साहेब लोक ते टेबलावर न ठेवता हातातच धरून बसले असावेत.

सूपचं भांडं मात्र खरं जुनं निघालं. मुलामा कडांवर उडून पिवळट धातू दिसत होता, तेच त्याच्या खरेपणाचं लक्षण. "शोभेला ठेवा," सराफ म्हणाला, "दोन-अडीच हजाराला महाग नव्हतं." दहा खोट्यांत एक खरं मिसळायचं, ही त्यांची जुनीच रीत म्हणे.

पेल्यांना निदान कल्हई करून वापरावं म्हणून अमळनेरला मावशीच्या ओळखीच्या म्हाताऱ्या कासाराकडे नेले. त्यानं एक पेला हातात फिरवला, पाय आणि वाटी जिथे जोडलीय तिथे नखानं टोकरलं आणि हसला. "बाई, हाई चांदी नही शे, हाई ते पितय शे. तुले कोनी दिनं?" कल्हई करायला तो तयार नव्हता. पाय साध्या डाखानं, म्हणजे जोडाच्या मऊ धातूनं, चिकटवलेला. कल्हईचं कथील वितळायच्या आधीच डाख वितळतो. नवसागर टाकून भट्टीवर धरलं की वाटी एका हातात आणि पाय निखाऱ्यात. मोडीचा भाव त्यानं सांगितला. तो इथे लिहीत नाही.

मग मी त्या माणसाला फोन लावला. आधी तो फार गोड बोलला. पन्हं का भरलं, ही तर शोभेची वस्तू, म्हणाला. मी कायद्याचं काढलं: शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तू विकायचा धंदा करायला 1972 च्या कायद्यानं परवाना लागतो, तुमचा नंबर सांगा. लगेच दीडशे वर्षांचं भांडं नव्वदवर आलं. "अंदाजे बोललो होतो ताई." मग मी रागाच्या भरात सगळंच बोलून गेले. सेंट्रल रेल्वे 1951 ची, त्याआधी जी.आय.पी., ठसा तरी नीट मारायचा. पलीकडे जरा वेळ शांतता. "जी.आय.पी. का?" त्यानं विचारलं. "पूर्ण नाव काय म्हणालात?" मी तेही सांगितलं. त्यानंतर नंबर लागणं बंद झालं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, त्याचीही कागदपत्रं चालू आहेत. पण बिल नाही आणि प्रमाणपत्रावर 'टोन' आहे, त्यामुळे वकील फार उत्साही नाहीत. त्यांनी एक मात्र पक्कं सांगितलं: विकणाऱ्याला बिलावर 'चांदी, शुद्धता इतकी, वजन इतकं' लिहून द्यायला सांगायचं आणि तो काय करतो ते बघायचं. तो चहा मागवेल, मोजे काढेल, आजोबांची चौकशी करेल; लिहून देणार नाही.

गेल्या आठवड्यात धुळ्याहून मामेबहिणीचा फोटो आला. "ताई, इथे एक प्रदर्शन लागलंय, तुझ्यासारखेच पेले आहेत, घेऊ का?" तेच पेले, तीच वेलबुट्टी. फोटो मोठा करून तळ बघितला. ठसा नवा आहे: ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, चाळीसगाव, 1934. एकही अक्षर चुकलेलं नाही.