दंडावरचा शुगर सेन्सर: आकड्याआधी बाण बघा

मला टाइप १ डायबेटिस आहे, म्हणजे इन्सुलिनशिवाय चालतच नाही, आणि सेन्सर घेण्याआधी बरीच वर्षं बोटं टोचून आकडे वहीत लिहिण्यात गेलीत, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या नजरेने वाचा. सतत शुगर मोजणारा सेन्सर, ज्याला आता सगळे सीजीएम म्हणतात, तो मी नियमित वापरतेय. माझा कुठल्या कंपनीचा आहे ते सांगत नाही कारण इथे जे लिहितेय ते या प्रकारच्या जवळजवळ सगळ्याच सेन्सरना लागू होतं.

लावायला सोपं आहे. दंडाच्या मागच्या बाजूला ॲप्लिकेटर टेकवायचा, दाबायचा, खट् आवाज येतो आणि झालं. सुई बाहेर येते, आत राहते ती फक्त केसासारखी बारीक लवचिक तार, जेमतेम अर्धा सेंटीमीटर. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा थर असतो, ग्लुकोज त्याला लागलं की रिॲक्शन होते, त्यातून बारीकसा करंट निर्माण होतो आणि त्या करंटवरून आकडा काढून तो ब्लूटूथने फोनवर येतो. एन्झाइमने शुगर मोजायची ही कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ सालीच मांडली होती, पण ती दंडावर चिकटवून दोन आठवडे फिरता येईल इतकी छोटी आणि भरवशाची व्हायला पुढची पन्नास वर्षं गेली.

आता महत्त्वाचं, कारण "सेन्सर चुकीचा दाखवतो" ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. ही तार रक्तात नसते! ती असते कातडीखालच्या पेशींच्या मधल्या द्रवात, आणि रक्तातली शुगर तिथे पोचायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असेल तर दोन्ही आकडे जवळपास जुळतात, पण जेवणानंतर ती भराभर चढत असेल किंवा व्यायाम करताना उतरत असेल तर सेन्सर मागे राहणारच. शिवाय चांगल्या सेन्सरचा सरासरी फरक ८-९ टक्के धरला जातो, आणि बोट टोचायचं मीटर तरी कुठे अचूक असतं, त्याच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्येच १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्यामुळे मीटर १४२ म्हणतंय आणि सेन्सर १५५ म्हणतोय म्हणून कोणी घाबरू नये, बिघडलेलं काहीच नसतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की आकड्याच्या शेजारचा, शुगर कुठल्या दिशेने चाललीय ते सांगणारा बाण बघायला शिका, पैसे वसूल होतात ते तिथे. ११० आणि बाण आडवा, तर निवांत झोपा. तेच ११० आणि बाण सरळ खाली, आणि तुम्ही नुकतंच इन्सुलिन घेतलंय, तर थोड्याच वेळात घाम फुटून हात थरथरायला लागतील. आकडा तोच आहे पण करायचं काम पूर्ण वेगळं, आणि मीटर कितीही महाग घेतलं तरी हे तो सांगूच शकत नाही.

रात्रीचं तर काय सांगू. रात्री तीन वाजता उठून कोण बोट टोचणार? इन्सुलिन घेणाऱ्याला आणि घरातल्यांना खरी भीती त्याच वेळेची असते, झोपेत शुगर घसरली आणि जागच आली नाही तर. सेन्सरचा अलार्म शुगर ७० च्या आसपास घसरली की उठवतो, आणि शेअरिंग चालू केलं तर दुसऱ्या गावातल्या आईच्या फोनवरही वाजतो. नुसत्या एवढ्यासाठी मी हा सेन्सर इन्सुलिनवाल्या प्रत्येकाने वापरावा म्हणेन.

ग्राफचाही उपयोग आहे. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, त्यामुळे सात टक्के आलेल्या एकाची शुगर दिवसभर शांत असू शकते आणि दुसऱ्याची सारखी वरखाली. सेन्सर दिवसातला किती वेळ ७० ते १८० च्या मध्ये गेला ते दाखवतो, बहुतेकांसाठी ७० टक्क्यांच्या वर हे टार्गेट मानतात. माझ्या ग्राफवर पहाटे काही न खाता शुगर चढताना स्पष्ट दिसली, पहाटे काही हार्मोन वाढतात आणि लिव्हर ग्लुकोज सोडतं त्याचा तो परिणाम, आणि डॉक्टरांनी तो ग्राफ बघूनच रात्रीचं इन्सुलिन बदललं.

त्रासही आहे. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटा लो, म्हणजे शुगर घसरल्याचा आकडा, येतो आणि अलार्म उगाच बोंबलतो, त्यामुळे लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून बघायचंच, मीटरच्या स्ट्रिपा घरात पाहिजेतच. पहिल्या दिवशी आकडे जरा भरकटतात. काहींना चिकटपट्टीने पुरळ येतं, मला खाज सुटते. काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने आकडा खोटा वर जातो, तेव्हा गोळ्या चालू असतील तर माहितीपत्रक वाचाच.

ज्यांना डायबेटिस नाही त्यांचं काय? २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने डेक्सकॉम कंपनीच्या स्टेलो या सेन्सरला प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची परवानगी दिली, तसा हा पहिलाच सीजीएम, त्यानंतर ॲबट कंपनीचेही आले, आणि तेव्हापासून धडधाकट माणसंही दंडावर लावून फिरताना दिसतात. मला विचाराल तर गरज नाही. जेवणानंतर शुगर थोडी चढते आणि उतरते, शरीर असंच चालतं, प्रत्येक चढावर काळजी करत बसलं तर जेवणाचं सुखच जातं. आणि इन्सुलिनवाल्यांनी नीट ऐका, स्टेलो तुमच्यासाठी नाहीच, शुगर घसरली तर तो सावध करत नाही.

घड्याळ किंवा अंगठीने सुई न टोचता शुगर मोजून देतो म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. अशा एकाही वस्तूला मंजुरी दिलेली नाही असा इशारा एफडीएने २०२४ च्या फेब्रुवारीत दिला होता, कारण चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि सेन्सर घेतलात की आधी फोनचं सेटिंग तपासा. फोन अपडेट झाला, नवीन इअरफोन जोडले, डू नॉट डिस्टर्ब चालू राहिलं, बॅटरी वाचवायच्या नादात फोननेच ॲप बंद केलं, यातल्या कशानेही अलार्म गप्प होऊ शकतो, एफडीएने २०२५ च्या फेब्रुवारीत याबद्दल वेगळी सूचनाच काढली होती. ॲपला नोटिफिकेशनची पूर्ण परवानगी द्या, बॅटरी सेव्हरमधून ते वगळा, आपोआप होणारे सिस्टिम अपडेट बंद ठेवा, आणि फोन अपडेट केलात की त्याच दिवशी अलार्म वाजतोय की नाही ते बघा.