अडालिमुमॅबचे नऊ महिने : वापरानंतरचा अनुभव

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याचा विकार, जडून सहा वर्षे झाली. मेसालामाइन हे आतड्याची सूज कमी करणारे औषध पुरेनासे झाले आणि स्टेरॉइड कमी करायला घेतले की शौचातून पुन्हा रक्त जाऊ लागे, तेव्हा डॉक्टरांनी अडालिमुमॅब या टोचून घ्यायच्या औषधाचा पर्याय सुचवला.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगाची रक्तचाचणी झाली. ती केवळ औपचारिकता असेल असे मला वाटले होते. पण चाचणी पॉझिटिव्ह आली आणि प्रतिबंधक गोळ्यांचा एक महिना होईपर्यंत थांबावे लागले. त्या महिन्यात या औषधाचे मर्म कळले. शरीरात दबून बसलेल्या क्षयजंतूंभोवती गाठ तयार करून त्यांना कोंडून ठेवणाऱ्या मॅक्रोफेज आणि टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींना टीएनएफ या प्रथिनाचा आधार लागतो. माझ्या आतड्यात याच जातीच्या पेशी, तेच प्रथिन विनाकारण सोडून, रक्तातल्या आणखी पांढऱ्या पेशींना अस्तरात बोलावून घेत होत्या. अडालिमुमॅब ते प्रथिन सुटे असो वा पेशीच्या पृष्ठभागावर असो, पकडून निकामी करते. म्हणजे आतड्यातली आग विझवताना राखणदाराचाही हात बांधला जातो. टीएनएफलाच बांधणारे एटानरसेप्ट हे दुसरे औषध संधिवातात चालते, पण क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या विकाराच्या रुग्णांवरील चाचणीत ते निष्प्रभ ठरले. अस्तरातल्या टी-पेशींना मरणाकडे ढकलणे त्याला जमत नसावे, हे त्याचे एक स्पष्टीकरण मला फार उद्बोधक वाटले.

पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८० आणि पुढे दर पंधरवड्याला ४० असा क्रम असतो. पहिल्या दिवशी चार सुया टोचून घेताना उत्साह बराच ओसरला. आता औषध भरलेले टोचणीचे पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवतो, मांडीवर दाबून धरतो आणि खिडकीतली खूण पूर्ण सरकेपर्यंत उचलत नाही. घाई केली तेव्हा दोन थेंब मांडीवरच ओघळले होते.

तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबले आणि मी बरा झालो असे समजून मिसळ खाल्ली. कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी मात्र फसली नाही. हे प्रथिन मुख्यतः न्युट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये असते, त्यामुळे आतड्यात किती न्युट्रोफिल उतरल्या आहेत याचा अंदाज शौचाच्या नमुन्यावरून येतो. आधी १,१४० असलेला आकडा तीन महिन्यांनी ३१० होता, म्हणजे लक्षणे गेली तरी पेशींचा जमाव पांगलेला नव्हता. आठव्या महिन्यात तो ६८ वर आला. नमुन्याची डबी खिशात घेऊन रिक्षाने प्रयोगशाळेत जाण्याचा संकोच मात्र अजून गेलेला नाही.

तक्रारी आहेतच. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, आणि एका औषधविक्रेत्याने विरघळलेल्या बर्फाच्या पिशवीसह पाठवलेले पेन मी परत केले, तेव्हा बदली मिळायला पाच दिवस लागले. सुई टोचलेल्या जागी दोन दिवस खाज येते. काही रुग्णांच्या शरीरात याच औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन त्याचा गुण ओसरतो, म्हणून पुढच्या महिन्यात कोलोनोस्कोपीबरोबर रक्तातली औषधाची पातळीही तपासायची ठरली आहे. तोपर्यंत पंधरवड्याचा पेन सुरू आहे. स्टेरॉइड चार महिन्यांपूर्वीच बंद झाले.