वही की मांड? कॉस्प्लेच्या ॲपचे दोन आराखडे

भाची म्हापशाला असते. यंदा चवथीला आली तेव्हा आरती आटोपल्या आटोपल्या तिने दोन कागद माझ्या हातात ठेवले. "मावशी, यातलं कुठलं करू ते सांग. दोन्हींना वेळ नाही, पैसे तर नाहीतच."

दोन्ही कागदांवर मोबाइलचे पडदे पेन्सिलीने काढलेले होते. विषय एकच, कॉस्प्ले करणाऱ्यांसाठी, म्हणजे सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांचा वेश घेणाऱ्यांसाठी, ॲप. पहिल्या कागदावर पोशाखाचे नियोजन होते: काय विकत घ्यायचे, काय घरी करायचे, कधीपर्यंत, कितीत. दुसऱ्यावर माणसे: फोटो, ओळखी, भेटीगाठी, कार्यक्रमांचे कॅलेंडर. सॉफ्टवेअरच्या धंद्यात पंधरा वर्षे काढल्यावर असे कागद घेऊन येणारी ती पहिली नव्हे. पण "दोन्ही थोडं थोडं करू" असे ती म्हणाली नाही, हे मला आवडले.

पहिल्या आराखड्याला मी वही म्हणते आणि दुसऱ्याला मांड. जत्रेतल्या नाटकांना पोशाख पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे एक वही असते. कुठल्या मंडळाला किती मावळे गेले, राजाचा टोप कुठे उसवलाय, अनामत किती घेतली, सगळे तिच्यात. ती हरवली की धंदा बसला. आणि मांड म्हणजे शिगम्याची मंडळी जमतात ती जागा. नमन तिथून सुरू होते, आणि तिथे कसे वागायचे याची पाटी कोणी लावलेली नसते, तरी ते सगळ्यांना ठाऊक असते. ॲपवाल्यांची अडचण अशी की त्यांना मांड बांधता येतो, पण ती अलिखित समज बांधता येत नाही.

रिकामा मांड

सर्वात मोठा फरक सुरुवातीलाच सांगते. वही एका माणसालाही उपयोगी पडते. भाचीने ती फक्त स्वतःसाठी केली तरी तिचा पुढचा पोशाख वेळेत होईल. मांडावर मात्र पहिला माणूस येतो, कोणी नाही हे बघतो आणि परत इन्स्टाग्रामवर जातो. तो पुन्हा फिरकत नाही.

गोव्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती. त्यात कॉस्प्ले करणारे किती असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा. एवढ्याशा गोतावळ्यासाठी व्हॉट्सॲपचा गट पुरतो. एका गटात १०२४ माणसे मावतात. तुमचा मांड व्हॉट्सॲपपेक्षा नेमके काय जास्त देतो, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर तो बांधू नका. "सगळं एका जागी असेल" हे उत्तर मी धरत नाही.

भाचीबरोबर हे ॲप करणाऱ्या तिच्या मैत्रिणीचे म्हणणे उलटे आहे, आणि त्यात दम आहे. "वही कोण उघडणार? सगळे शेवटच्या आठवड्यात रात्री जागवून करतात." खरे आहे. वहीवाल्या ॲपचे दुखणे हेच: माणूस पहिल्या दिवशी उत्साहाने चाळीस नोंदी करतो, मग विसरतो, आणि कार्यक्रम झाल्यावर ॲप तीन महिने उघडतही नाही. मांड चालला तर रोज चालतो. तो चालला तर, हा भाग तेवढा लक्षात ठेवायचा.

वहीत काय हवे

नियोजनाचे ॲप म्हटले की लोक टिकमार्कांची यादी करतात. तेवढ्यासाठी फोनमधले नोट्स आहेतच. कॉस्प्लेचे काम यादीसारखे नसते, ते एकात एक अडकलेले असते. छातीचे कवच घ्या. १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम (हलका, रबरासारखा) कापायचा, हीट गनने तापवून वळवायचा, दोन्ही कडांना काँटॅक्ट सिमेंट हा गोंद लावून ते चिकट होईपर्यंत थांबायचे, मग जोडायचे. वरची नक्षी २ मिलिमीटरच्या फोमची. मग सीलर, म्हणजे रंगाआधी फोमवर द्यायचा लेप, तो वाळला की रंग, रंगाचेही थर. एक पायरी लांबली की पुढच्या सगळ्या ढकलल्या जातात. म्हणून वहीने तारखा कार्यक्रमाच्या दिवसापासून उलट्या मोजत यायला हव्यात: डिसेंबरात घालायचे असेल तर रंग कधी, सीलर कधी, फोम कधी आणायचा.

आणि हे गोवा आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की पापड वाळत नाहीत, तिथे सीलर काय वाळणार! बाहेरच्या व्हिडिओत "दोन तासांत वाळते" असे सांगतात, ते आमच्याकडे रात्रभर घेते. वहीत वाळण्याचा वेळ ऋतूप्रमाणे बदलता यायला हवा. माझ्या मते एवढे एकच जमले तरी हे ॲप इथे वापरले जाईल. पीएलएचे थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांसाठी उन्हाळ्याची नोंद वेगळी: ते प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. उन्हात उभ्या गाडीत शिरस्त्राण ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत त्याचे तोंड वाकडे झालेले असेल.

प्रवासाचाही विचार हवा. इथली मुले मोठ्या कार्यक्रमांना मुंबईला जातात. मांडवी एक्स्प्रेसच्या बर्थखाली पाच फुटी पंख ठेवायचे कसे? म्हणजे "किती तुकड्यांत सुटते" हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. पंख शिवून झाल्यावर त्याचा उपयोग नाही. विमानाने जाणाऱ्याला तलवारीसारखी दिसणारी वस्तू हातातल्या सामानात नेता येत नाही, ती फोमची असली तरी वाद घालून उपयोग नसतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच वेगळे असते, हे गोंयकाराला सांगायला नको, पण ॲपला सांगावे लागते.

खरेदीची यादी पोशाखाप्रमाणे तर हवीच, पण दुकानाप्रमाणेही हवी. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले की तिन्ही पोशाखांना लागणारी लेस, बटणे, इलॅस्टिक एकाच फेरीत आले पाहिजे. हा पडदा भाचीच्या कागदावर नव्हता. ड्रेपरीवाल्याच्या वहीत मात्र असतो.

अजून एक. काम करताना हात गोंदाने बरबटलेले असतात. बारीक रकाने भरायला लावणारे ॲप तिथेच हरले. फोटो काढला की नोंद झाली, बोलले की नोंद झाली, आणि बटणे कोपराने दाबता येतील एवढी मोठी. मैत्रिणीच्या "कोण उघडणार?" या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

मांडाची राखण

आता मांड. त्याचे पडदे काढायला सोपे आहेत, तो राखायला अवघड. २०१४ साली न्यूयॉर्क कॉमिक कॉनने, पोशाख म्हणजे परवानगी नव्हे, अशा अर्थाचे फलक लावले. तसे फलक लावावे लागले यातच सगळे आले. सतरा वर्षांच्या मुलीचा पोशाखातला फोटो, खाली शेरे, सोबत "आता मी मिरामारला आहे" असे ठिकाण. मोठ्या शहरात ती गर्दीत हरवेल. इथे तिसरा माणूस तिच्या काकाला ओळखतो.

म्हणून मांड करायचाच असेल तर माझ्या अटी कडक आहेत. ठिकाण कार्यक्रम संपल्यावरच दिसेल. फोटोच्या फाइलीत लपलेली जीपीएसची नोंद सर्व्हरवर चढतानाच पुसली जाईल. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती निघून जाते, तुमच्या ॲपमध्ये ते तुम्हालाच करावे लागेल. अनोळखी माणसाला थेट निरोप पाठवता येणार नाही. तक्रार आणि ब्लॉक ही दोन बटणे तर हवीतच. लोक जिथे स्वतःचा मजकूर टाकतात अशा ॲपकडून गूगल आणि ॲपल दोघेही ती मागतात. पण बटण ठेवणे सोपे. रात्री अकराला आलेली तक्रार कोण वाचणार? दोन मुली, दोघींच्या परीक्षा. या प्रश्नावर दोघीही गप्प बसल्या.

कायद्याचेही बघा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. तिची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर रोखून जाहिराती दाखवायला बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमल टप्प्याटप्प्याने. कॉस्प्लेमध्ये शाळकरी मुले भरपूर, त्यामुळे मांडावर हे ओझे पहिल्या दिवसापासून आहे. वहीतली माहिती फोनमध्येच राहिली, सर्व्हरवर गेलीच नाही, तर ते कितीतरी हलके होते.

श्रेयाचा मुद्दा लहान वाटतो, भांडणे मात्र त्यावरूनच होतात. १९३९ साली न्यूयॉर्कमधल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातल्या माणसांचा वेश करून गेले होते. दोघांचे कपडे केले डग्लसने, आणि पहिला कॉस्प्लेअर म्हणून नाव पुढे आले ॲकरमनचे. तेव्हा फोटोखाली तीन वेगळे रकाने हवेत: कोणी घातले, कोणी केले, फोटो कोणी काढला. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साधारणपणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर काढून घेणारा. पोशाख घालणारीला वाटते फोटो आपलाच. हे ॲपने आधीच स्पष्ट केलेले बरे.

हिशेब

तंत्राची बाजू थोडक्यात उरकते, कारण निर्णय तिथे होत नाही. दोघींना फायरबेस, म्हणजे ॲपचा डेटा ठेवायची गूगलची सेवा, ठाऊक आहे. त्याच्या फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये रोज ५०,००० वाचने (एक नोंद उघडली की एक वाचन) फुकट असतात. मांडावर २०० माणसांनी दिवसातून ५ वेळा ५० फोटोंची रांग उघडली की २०० गुणिले ५ गुणिले ५०, म्हणजे बरोबर ५०,०००. प्रोफाइल, शेरे, लाइक अजून मोजलेच नाहीत. वहीत एक पोशाख एका नोंदीत मावतो आणि बहुतेक वेळा फोनमधूनच वाचला जातो. शिवाय फायरस्टोअर मोबाइलवर नेट नसतानाही चालते, सत्तरी तालुक्यातल्या घरात बसून काम करणाऱ्याला ते लागतेच. सुपाबेस या तशाच दुसऱ्या सेवेत पोस्टग्रेस डेटाबेस मिळतो, कोण काय पाहू शकतो याचे नियम थेट तक्त्यावर लावता येतात. मांडाला मी सुपाबेसच घेतला असता. वहीला फायरबेस.

वही आधी वेबवर केली तरी चालेल. आयफोनवर १६.४ आवृत्तीपासून वेब ॲपला सूचना पाठवता येतात, मात्र ते होम स्क्रीनवर ठेवले असेल तरच. फोनमधल्या ॲपच्या दुकानांतून द्यायचे तर गूगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दर वर्षी ९९. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गूगल आणखी एक अट घालते: १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवे.

भाषेवरून चवथीच्या जेवणात अर्धा तास गेला. कोकणी, मराठी, इंग्रजी, कोकणीत पुन्हा रोमी, म्हणजे रोमन लिपीतली. मी म्हटले, बटणांवर काहीही लिहा, शोध मात्र असा करा की कोणी देवनागरीत टंकले काय नि रोमीत टंकले काय, फोम सापडला पाहिजे.

माझे मत

वही. पण तिला एक दार ठेवा: उसनवार. पोशाखातल्या कुठल्याही कामावर "मदत हवी" असे म्हणता यावे, आणि ते आपण निवडलेल्या दहा-बारा जणांनाच दिसावे. हीट गन कोणाकडे आहे? फोंड्यात शिलाई मशीन दोन दिवस कोण देईल? ज्याच्याकडून हीट गन आणली त्याला पोशाख झाल्यावर फोटो पाठवावाच लागतो. माणसे अशी जमली तर मांड पुढच्या वर्षी घालता येईल, आणि तो रिकामा नसेल.

मांड आधी करावा अशी एकच परिस्थिती मला दिसते. तुमचा चाळीस-पन्नास जणांचा गट आधीच महिन्याला भेटतो आहे, जमायची जागा ठरलेली आहे आणि तक्रारी वाचायला एक मोठा, शांत डोक्याचा माणूस तयार आहे. तसे असेल तर माझे ऐकू नका.

आमच्या या दोन मुलींकडे गट नाही. मैत्रीण अजून रुसलेली आहे, पण वहीचा पहिला नमुना झाला. अडले ते त्या १२ जणांवर. कॉस्प्लेवाले सात मिळाले, दोघांकडे आयफोन, म्हणजे उरले पाच. मग भाचीला आठवले की वाड्यावरची पोरे दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या तयारीला लागली आहेत. बांबू, गवत, मुखवटा, रंग, वर्गणी, आणि एक तास पुढे न ढकलता येणारी पहाट. वहीची याहून चांगली परीक्षा कुठली? सात जण लगेच तयार झाले. पहिल्याच संध्याकाळी त्यांची पहिली सूचना आली: वर्गणी न दिलेली घरे लाल रंगात दिसतील का?